ज्यू कॅम्पचा पहिला आठवडा: आईबाबांनो, या चुका टाळा

जून संपत आला की न्यूजर्सीत आमच्या ओळखीच्या बेने इस्रायली, म्हणजे मूळ कोकणातल्या मराठी ज्यू, घरांमधून फोन सुरू होतात. मूल पहिल्यांदाच पोकोनोज नाहीतर कॅट्सकिल्सच्या डोंगरांतल्या एखाद्या ज्यू समर कॅम्पला, म्हणजे सुट्टीतल्या मुक्कामी शिबिराला, गेलेलं असतं, काही दिवसांतच पत्र येतं, "मला इथे आवडत नाही, घ्यायला ये", आणि आई रडतरडत विचारते, गाडी काढू का? माझी दोन्ही मुलं कॅम्पला जाऊन आली, धाकटीची आता तिसरी खेप, आणि माझं उत्तर दरवेळी एकच असतं: पहिला शब्बाथ (शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार संध्याकाळपर्यंतचा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस) होऊ दे, मग बोलू.

म्हणजे नेमकं काय ते सांगते. बहुतेक पोरांचे पहिले दोन दिवस नवलाईत जातात, बंक बेड कोणाला वरचा मिळाला, तळं केवढं आहे, वगैरे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी नवलाई संपते आणि रात्री दिवा मालवला की घर आठवायला लागतं. मग येतो शुक्रवार. दुपारी खोली धुऊनपुसून लख्ख करायची, बाथरूमबाहेर टॉवेल घेऊन रांग लावायची, सगळ्यांनी पांढरे कपडे घालायचे, तळ्याकाठी किंवा झाडाखाली बसून प्रार्थना म्हणायची, मग हल्ला (शब्बाथचा वेणी घातलेला पाव) आणि चिकन, आणि जेवणानंतर टेबलं बडवत गाणी, आवाज बसेपर्यंत. चार दिवस कोणाशी न बोललेलं पोर त्या गाण्यांत कोणाच्यातरी खांद्यावर हात टाकून उभं असतं, माझ्या मोठ्याचं अगदी असंच झालं. त्याआधीच घरी आणलं तर मुलाला कॅम्प कसा असतो ते कळतच नाही, फक्त रडू आलेलं तेवढं लक्षात राहतं.

सगळ्यात मोठी चूक निघायच्या आधीच होते. आपण प्रेमानं म्हणतो, "नाही आवडलं तर फोन कर, मी लगेच येईन." हे वाक्य बोलू नका, अगदी कळकळीनं सांगते. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सच्या 2007 च्या घरच्या ओढीवरच्या अहवालातही बालरोगतज्ज्ञांनी असा वायदा करू नका असंच म्हटलंय. मुलाला त्यातून ऐकू येतं की आईलाच वाटतंय मला हे जमणार नाही. शिवाय बहुतेक कॅम्पात मुलांना फोन नसतोच, मग वायदा मोडतो आणि मूल दुप्पट दुखावतं. त्याऐवजी म्हणा, "घरची आठवण येईल, सगळ्यांनाच येते, आली की काउन्सेलरला सांग आणि मला पत्र लिही." (काउन्सेलर म्हणजे कॅम्पात मुलांची देखभाल करणारे ताई-दादा.) त्याआधी दोन-तीन रात्री आत्याकडे, मावशीकडे एकटं राहायची सवय करून दिली असेल तर फारच छान.

पत्राचंही गणित लक्षात घ्या. मंगळवारी रात्री रडत लिहिलेलं पत्र तुमच्या हातात शनिवारी पडतं, तोवर पोरगं पोहून दमून झोपलेलंही असतं. आणि तुम्ही लिहाल तेव्हा "तुझ्याशिवाय घर सुनं सुनं झालंय, कुत्रा जेवत नाही" असलं काही लिहू नका, मुलाला वाटतं आपण कोणालातरी त्रास देतोय. प्रश्न विचारा: बंकमध्ये (म्हणजे झोपायच्या खोलीत) कोण कोण आहे, कुठलं गाणं शिकलास, तळ्याचं पाणी गार आहे का. कॅम्पच्या साइटवरचे फोटो रात्री दोन वाजेपर्यंत चाळत बसणंही थांबवा, एका फोटोत हसत नाही म्हणजे दुःखी आहे असं नसतं, बरेचदा डोळ्यांत ऊन असतं.

आता सामान. मी पहिल्या वर्षी डफल बॅगच्या तळाशी शेंगदाणे घातलेल्या चिवड्याचं पाकीट लपवलं होतं, पोराला घरची चव मिळावी म्हणून. कॅम्प नट-फ्री होता, बाहेरचं खाणं आणायचंच नाही असा नियमही होता, पहिल्याच दिवशी सगळ्या मुलांसमोर ते पाकीट बाहेर निघालं आणि माझा मुलगा लाजेनं लाल झाला, हे त्यानं मला वर्षभरानं सांगितलं. नियमामागे कारणं आहेत: कोणाला जीवघेणी अ‍ॅलर्जी असते, किचन कोशर (ज्यू आहारनियम पाळणारं) असतं, आणि जंगलात खोलीत खाऊ ठेवला की उंदीर येतात. चिवडा परत आल्यावर करा. पांढरा शर्ट दोन तरी द्या, एक पहिल्याच शुक्रवारी गवतात लोळून हिरवा होतो. प्रत्येक मोज्यावरसुद्धा नाव घाला, तिकीट लावलेली आणि पत्ता लिहिलेली पाकिटं द्या, बॅटरी द्या, चष्मा असेल तर दोन जोड. केसांत उवा-लिखा आहेत का ते आठवडाभर आधी बारीक फणीनं बघा कारण पोचल्यावर तपासणी होते. टिक्सचा (गोचिडांचा) भाग आहे, रोज अंघोळीच्या वेळी काखेत, गुडघ्यामागे बघायला शिकवा.

औषधांबद्दल लपवाछपवी अजिबात नको. सुट्टी आहे म्हणून एडीएचडीची (लक्ष न लागणं, अतिचंचलपणा यावरची) गोळी स्वतःच्या मनानं बंद करणारे पालक मी पाहिलेत, आणि नवी जागा, नवी माणसं, त्यात गोळी नाही, मूल पहिल्या आठवड्यातच कोलमडतं. डॉक्टरला विचारल्याशिवाय बदल नको. अंथरूण ओलं होत असेल तर तेही फॉर्मवर लिहा, काउन्सेलरला आधी माहिती असेल तर इतर मुलांना कळू न देता चादर बदलता येते.

आपल्या बेने इस्रायली मुलांचं एक वेगळंच असतं, त्यावर जरा बोलायलाच हवं. आपण म्हणतो, घरी शब्बाथ पाळतो, याला कॅम्पमध्ये काय अडचण? अडचण येते. कॅम्पात जेवणाच्या हॉलला हदर ओहेल म्हणतात, खोली साफ करण्याला निकायोन, काउन्सेलर म्हणजे मद्रिख, आणि जेवणानंतरची प्रार्थना सगळे टेबलावर ताल धरत अशा चालीत म्हणतात जी आपल्या घरात कोणी ऐकलेली नसते. ज्याला वाटत होतं मला सगळं येतं ते पोर गप्प होतं. हे चार-पाच शब्द आधी शिकवा, चाल यूट्यूबवर ऐकवा.

आणि कोणीतरी विचारणारच, "तू इंडियन आहेस ना, मग ज्यू कसा?" बहुतेकदा वाईट हेतू नसतो, पण उत्तर तयार नसलं तर मूल रडतं. आपल्या आजीआजोबांच्या पिढीला हाच प्रश्न इस्रायलमध्ये विचारला गेला, आंदोलनं करावी लागली, तेव्हा कुठे 1964 मध्ये सरकारनं बेने इस्रायल सर्व बाबतीत ज्यू आहेत असं जाहीर केलं. मुलाला एवढंच सांगायला शिकवा: आमचे पूर्वज कोकणात राहायचे, तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. माझ्या धाकटीनं हे सांगितलं तर शनिवारी हवदालाला (शब्बाथ संपतानाच्या प्रार्थनेला), वेणीची मेणबत्ती पेटलेली असताना, मद्रिखानं तिला आजीच्या मलिदाच्या (गोड पोह्यांचा आपला नवसाचा विधी) वेळचं एलियाहू हनाबी, म्हणजे एलिया प्रेषिताचं गाणं, म्हणायला लावलं.

थांबा म्हणतेय म्हणजे डोळे मिटून बसा असं नाही. शब्बाथ होऊन गेला, आणखी दोन दिवस गेले, तरी मूल जेवत नाही, झोपत नाही, कोणी मारतंय किंवा अंगाला हात लावतंय असं काही पत्रात असेल (या शेवटच्याला तर एक तासही थांबायचं नाही), तर सरळ फोन उचला. "तो बरा आहे का" असं विचारू नका, "हो बरा आहे" एवढंच उत्तर मिळतं. विचारा: काल रात्री काय जेवला, किती वाजता झोपला, पोहायला उतरतो का, बंकमधल्या कोणत्या मुलाबरोबर फिरतो. उत्तर देणाऱ्याला त्या मुलाचं नाव पटकन सांगता आलं नाही, तर म्हणा की माझ्या मुलाच्या काउन्सेलरशी बोलून आज संध्याकाळपर्यंत मला परत फोन करा.