दसऱ्याच्या झेंडूला युरिया कधीपर्यंत द्यावा?

दसऱ्यासाठी लावलेला झेंडू श्रावणातल्या पावसात पिवळा दिसू लागला, की युरियाचे पोते फोडण्याची घाई होते. त्याआधी वाफ्यात बसून पिवळेपणा कोणत्या पानांवर आहे, ते पाहावे. बुडाची जुनी पाने एकसारखी पिवळी पडत असतील तर नत्र (नायट्रोजन, जे युरियातून मिळते) कमी पडले आहे. शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील तर ती लोहाची कमतरता, जी चुनखडीच्या जमिनीत नेहमीचीच आहे आणि युरियाने जात नाही. सरीत पाणी साचल्यामुळे मुळे गुदमरूनही झाड पिवळे पडते. तेथे चर काढून पाणी बाहेर काढावे आणि वाफसा आल्यावरच, म्हणजे चिखल जाऊन जमिनीत नुसती ओल उरल्यावरच, खताला हात लावावा.

माती परीक्षण केलेले नसल्यास हेक्टरी 100 किलो नत्र, 75 किलो स्फुरद (फॉस्फरस) व 75 किलो पालाश (पोटॅश) धरून चालावे. एकराला हा हिशेब युरिया सुमारे 87 किलो, म्हणजे 45 किलोची जवळपास दोन पोती, स्फुरदासाठी सिंगल सुपर फॉस्फेट सुमारे 188 किलो आणि पालाशासाठी म्युरेट ऑफ पोटॅश 50 किलो असा बसतो. स्फुरद जमिनीत फारसे सरकत नाही, म्हणून ते पालाशासह लागवडीलाच मुळांजवळ पडले पाहिजे. नत्राचा निम्मा हप्ता तेव्हाच द्यावा आणि उरलेला साधारण महिन्याने, खुरपणी करून, खोडापासून चार बोटे दूर बांगडी पद्धतीने, म्हणजे झाडाभोवती गोल, देऊन वर मातीची भर लावावी.

हा दुसरा हप्ता शेवटचा समजावा. कळ्या दिसू लागल्यावर युरिया टाकला तर पानांना काळोखी येते, फांद्या लुसलुशीत होऊन वाऱ्यात मोडतात, मावा वाढतो आणि फुले मात्र मागे पडतात. शेजाऱ्याचा माजलेला झेंडू बांधावरून फार देखणा दिसतो, पण दसऱ्याच्या बाजारात हिरव्या पाल्याला भाव नसतो. आफ्रिकन झेंडू लागवडीनंतर साधारण दोन महिन्यांनी तोडणीला येतो आणि शेंडा खुडल्यास फुले आणखी लांबतात. त्यामुळे उशिरा लागवड झालेल्या प्लॉटमध्ये शेंडा खुडू नये.

कळी लागताना 0:52:34 हे नत्र नसलेले, स्फुरद व पालाश देणारे विद्राव्य खत लिटरला 5 ग्रॅम, म्हणजे 15 लिटरच्या पंपाला 75 ग्रॅम, या प्रमाणात उघडीप पाहून सकाळी फवारावे. फुले उमलल्यावर पाकळ्यांवर डाग पडण्याची शक्यता असल्याने फवारणी टाळावी.