फ्री डिश स्वतः बसवताय? या चुका टाळा

गच्चीवर एक जण डिश धरून उभा, खाली टीव्हीसमोर दुसरा, आणि जिन्यातून आरोळ्या. "आला का?" "आला होता, गेला!" रत्नागिरीकडच्या आमच्या घरी मी असा एक अख्खा रविवार घालवला. संध्याकाळी उलगडा झाला की डिश सकाळी पहिल्या तासातच बरोबर दिशेला लागली होती. गडबड एलएनबीत होती, म्हणजे डिशच्या दांडीवर बसणाऱ्या, सिग्नल पकडणाऱ्या डबीत. म्हणजे उरलेला दिवस मी नीट बसलेली डिश बिघडवत होतो.

तेव्हापासून कुणी विचारलं की मी एकच सांगतो: डिशला हात लावायच्या आधी बाकी सगळं तपासा. सिग्नल नाही म्हटलं की माणूस पहिल्यांदा डिश फिरवतो, आणि बऱ्याचदा दोष तिथे नसतोच.

हे सगळं डीडी फ्री डिशबद्दल, म्हणजे दूरदर्शनच्या मोफत डिश सेवेबद्दल आहे. महिन्याचं भाडं नाही, बाजारातून साठ सेंटिमीटरची छत्री, एलएनबी आणि बॉक्स आणायचा आणि आपणच बसवायचं, असा तो मामला. त्याचा उपग्रह जीसॅट-15, जागा 93.5 अंश पूर्व रेखांशावर.

शेजाऱ्याच्या डिशकडे बघून दिशा लावणे

ही सगळ्यात सोपी युक्ती वाटते, पण शेजाऱ्याकडे कोणती सेवा आहे ते आधी विचारा. पुण्यातून फ्री डिशचा उपग्रह उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजला तर साधारण 132 अंशांवर येतो, म्हणजे जवळपास नेमका आग्नेयेला. टाटा प्लेचा 83 अंश पूर्वेचा उपग्रह त्याच गच्चीवरून 153 अंशांवर, बराच दक्षिणेकडे. एअरटेलचा 115 च्या आसपास, पूर्वेकडे झुकलेला. तीन शेजारी, तीन तोंडं. शेजाऱ्याकडे फ्री डिशच असेल तर मात्र खुशाल नक्कल करा.

फ्री डिशसाठी मुंबईतून दिशा 131, रत्नागिरीतून 128 ते 129, नागपुरातून 144 ते 145. मोबाइलमधलं होकायंत्र पुरेसं आहे, फक्त ते लोखंडी पाइपाजवळ धरू नका. स्लॅबमधल्या सळ्यासुद्धा काटा ओढतात. दोन-तीन मीटर लांब उभं राहून दिशा घ्या आणि त्या रेषेत दूरवरची एखादी खूण ठरवा: पाण्याची टाकी, टॉवर, माड, काहीही. मग डिश त्या खुणेकडे वळवा.

डिश आभाळाकडे तोंड करून ठेवणे

उपग्रह आपल्याकडून बराच उंच दिसतो. पुणे आणि रत्नागिरीतून क्षितिजापासून साधारण 59 अंश, मुंबईतून 57 ते 58, नागपुरातून 60. हे वाचून लोक डिश परातीसारखी वर करतात. पण आपली घरगुती डिश ऑफसेट जातीची असते, म्हणजे एलएनबी मधोमध नसून खालच्या दांडीवर असतो आणि डिश दिसते त्यापेक्षा बरंच वर 'बघते'. हा फरक विशीच्या पुढे, बहुतेक डिशमध्ये 24 अंशांच्या आसपास. ब्रॅकेटवर आकडे कोरलेले असतील तर ते सहसा हा फरक धरूनच असतात, तिथे सरळ 59 लावा. आकडे नसतील तर मोबाइलच्या लेव्हल अ‍ॅपने डिशची कड मोजा: उभ्या रेषेपासून मागे 35 अंशांच्या आसपास कलली पाहिजे.

पाइप अंदाजाने उभा करणे

वरचे सगळे आकडे पाइप सरळ असेल तरच खरे. पाइप दोन अंश कलला की डिश डावी-उजवीकडे फिरवताना तिची उंचीही नकळत बदलते आणि तुम्ही दोन्ही बाजूंनी हरवता. ओळंबा लावा. गवंड्याकडचा पितळी ओळंबा नसला तर दोरीला नट बांधा. पाइपाला दोन बाजूंनी, एकमेकींशी काटकोनात, तपासायचं. एकाच बाजूने तपासून समाधान मानणारे पुष्कळ.

पत्र्याच्या छपरावर डिश बसवू नका. वाऱ्याने पत्रा थरथरतो आणि पावसाळ्यात चित्र तुटत राहतं. भिंत किंवा कठड्याचं काँक्रीट बरं. महावितरणच्या तारा जवळून जात असतील तर ती जागा सोडूनच द्या. हातातला उभा पाइप कलला की किती लांब पोचतो, याचा अंदाज भल्याभल्यांचा चुकतो.

एलएनबी सरळ बसवणे

माझा रविवार इथे गेला. एलएनबीच्या वायरचं तोंड सरळ जमिनीकडे ठेवून क्लॅम्प आवळला, कारण ते तसंच शोभून दिसत होतं. पण फ्री डिशच्या लहरी उभ्या ध्रुवणाच्या आहेत, म्हणजे त्या एकाच, उभ्या रेषेत कंप पावतात, आणि उपग्रहाची 'उभी' रेषा आपल्या गच्चीवरून उभी दिसत नाही. उपग्रह आपल्या रेखांशापासून जितका दूर आणि आपण विषुववृत्ताच्या जितके जवळ, तितकी ती तिरकी. पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात हा तिरकेपणा 45 अंशांच्या आसपास जातो. नागपुरात तो 33 च्या आसपास, दिल्लीत 27. दिल्लीकडच्या माणसाने 'थोडंसं वळवा' असं सांगितलं तर ते त्याच्यापुरतं खरं असतं. आपल्याला थोडंसं वळवून भागत नाही.

डिशच्या मागे, म्हणजे उपग्रहाकडे तोंड करून उभे राहा. एलएनबी म्हणजे घड्याळ समजा. वायरचं तोंड सहावर असेल तर ते साडेचारवर आणा. विदर्भात पाचच्या जरा अलीकडे. तिथून टीव्हीवरची क्वालिटीची पट्टी बघत थोडं इकडे-तिकडे करा. समोरून बघाल तर तेच तोंड साडेसातवर दिसेल, आणि या मागून-समोरूनच्या गोंधळात लोक बरोबर उलट्या बाजूला फिरवतात. तसं केलं की तुम्ही हव्या त्या स्थितीपासून 90 अंश दूर जाता, आणि तिथे हवा तो सिग्नल जवळजवळ शून्य.

स्ट्रेंथ बघून खूश होणे

बॉक्सवर दोन पट्ट्या असतात. स्ट्रेंथ 70 दाखवते म्हणून आनंदू नका. नुसता एलएनबी जोडला, डिश भिंतीकडे वळवली, तरी बऱ्याच बॉक्सवर ती पट्टी भरलेली दिसते. खरी पट्टी क्वालिटीची. ती शून्य असेल तर उपग्रह सापडलेला नाही.

आणि घाई नको. बॉक्सला सिग्नल धरायला दोन-तीन सेकंद लागतात. साठ सेंटिमीटरच्या डिशची नजर जेमतेम तीन अंश रुंद. एक अंश म्हणजे डिशच्या कडेला पाच मिलिमीटरची हालचाल. सर्रकन फिरवली की उपग्रह मधून निघून जातो आणि बॉक्सला पत्ताही लागत नाही. पाच मिलिमीटर सरकवा, थांबा, तीन अंक मोजा, पुन्हा सरकवा. शेजारी 95 अंशांवरही उपग्रह आहेत. यादीत नुसते डॉलरच्या चिन्हाचे, न उघडणारे चॅनेल आले तर तुम्ही त्यांच्यावर जाऊन बसलात असं समजा.

गच्चीवर चढण्याआधी बॉक्सच्या मेन्यूत एलएनबीची वारंवारता 9750-10600 आहे का ते बघा. नुसती 10600 असेल तर फ्री डिशची 11090 वारंवारता बॉक्सला कधीच दिसणार नाही, डिश कितीही नेमकी लावा.

जुनी केबल चालवून घेणे

केबलवाल्याची जुनी बारीक वायर भिंतीत आहेच, तीच वापरू, हा मोह टाळा. आरजी-6 नावाची डिशची जाड केबल आणा, अखंड तुकडा, मध्ये टेपचा जोड नको. पिन बसवताना केबलमधल्या बाहेरच्या तारांच्या जाळीचा एखादा केसासारखा तंतू मधल्या तारेला टेकला की संपलं: एलएनबीला जाणारी वीज तिथेच शॉर्ट होते. मधली तार पिनेच्या तोंडाबाहेर दोन-तीन मिलिमीटर येऊ द्या. जोडताना-काढताना बॉक्स बंद, तोही प्लग काढून. एलएनबीपाशी केबलला खाली झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी झोळाच्या टोकावरून ठिबकेल, पिनेत शिरणार नाही.

उन्हाळ्यात झाड न बघणे

मे महिन्यात बसवलेली डिश ऑगस्टमध्ये बंद पडते, कारण मधल्या काळात फांदी वाढलेली असते आणि ओली पानं सिग्नल पितात. हिशोब सोपा आहे. डिशपेक्षा पाच मीटर उंच झाड त्या दिशेला निदान तीन मीटर लांब हवं, वर वाढीची जागा वेगळी.

सूर्य याची फुकट तपासणी करून देतो. मार्चच्या 12 तारखेच्या आसपास सकाळी सव्वाअकराला आणि 30 सप्टेंबरच्या आसपास अकराच्या जरा आधी, पुणे परिसरातून सूर्य बरोबर या उपग्रहाच्या जागी असतो. त्या वेळी ठरवलेल्या जागेवर सावली पडत असेल तर डिशही तिथे आंधळीच राहणार. त्याच दिवसांत काही मिनिटं चित्र जातं, तो बिघाड नव्हे. उठून डिश फिरवू नका. मुसळधार पावसातही नको.

एखादा चॅनेल अचानक गायब झाला तरी डिशला दोष देऊ नका. फ्री डिशवरच्या जागांचा लिलाव होतो आणि यादी बदलत राहते, विशेषतः एप्रिलच्या सुरुवातीला. पुन्हा स्कॅन करा. बाकीचे चॅनेल दिसतायत आणि काहीच दिसत नाहीत, तर बॉक्स जुना एमपेग-2, म्हणजे नव्या एमपेग-4 पद्धतीचे चॅनेल न उघडणारा, असण्याची शक्यता जास्त.

सगळं लागलं की नट एकदम एकच आवळू नका, आवळताना डिश सरकते. थोडा हा, थोडा तो, नजर क्वालिटीवर. मग पाइपावर आणि ब्रॅकेटवर मिळून ऑइलपेंटची एक रेघ ओढा, एलएनबीवरही एक. आमच्याकडे वर्षातून दोनदा वानर डिशवर बसतं. रेघेला रेघ जुळवली की चित्र परत येतं, जिन्यात आरोळ्या न मारता.