डग्ग्याची घुमघुम कशी घालवली

बुकशेल्फ स्पीकरवर तबला ऐकताना डग्गा नुसता घुमायचा, बोल कळायचेच नाहीत. नवा ॲम्प्लिफायर घेण्याआधी स्पीकर कोपऱ्यातून काढून भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे आणले. कोपऱ्यात खर्ज फुगतो. त्यात दहा फुटी खोली साधारण ५६ हर्ट्झला, म्हणजे खर्जातच, स्वतःच घुमते. बराच फरक तिथेच पडला. मग ट्वीटर (स्पीकरमधले बारीक, उंच सूर काढणारे भाग) कानाच्या उंचीला यावेत म्हणून टीपॉयवर विटा ठेवल्या, त्यांवर जुन्या रबरी चपलेचे तुकडे. टीपॉयची थरथर थांबली. उघड्या फरशीवर सतरंजी टाकल्यावर चाटीचा (तबल्याच्या कडेवरच्या टणक आवाजाचा) कर्कशपणा कमी झाला, खर्जाला मात्र तिचा काडीचा उपयोग नाही. महागड्या केबलींच्या नादी लागलो नाही. तांब्याच्या जाड वायरीने छान भागतं. उरलेली घुमघुम खुर्ची मागच्या भिंतीपासून पुढे ओढल्यावर गेली. वाटेतली ती खुर्ची घरात कुणालाच पसंत नाही, हे वेगळं.