ठोसा चुकवायचा तर आधी पाय

शाळा-कॉलेजात मी खो-खो खेळायचे, पळण्यात बरी होते. चौतिसाव्या वर्षी बॉक्सिंगचे ग्लव्हज घातले तेव्हा वाटलं, चुकवणं तर आपल्या अंगातच आहे. पहिल्याच स्पारिंगला, म्हणजे सरावाच्या लढतीला, समोरून जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) आला आणि मी सवयीने पायावर पाय टाकून, गर्रकन वळून निसटले. दुसरा ठोसा कानामागे बसला. सर म्हणाले, "ताई, इथे खांब नाहीत. पाठ दाखवायची नाही."

तेव्हा सुरुवात पायांपासून. मी उजवखुरी, म्हणून डावा पाय पुढे. दोन पायांत साधारण खांद्याइतकं अंतर, गुडघे सैल, मागची टाच जेमतेम उचललेली. ज्या दिशेला जायचं तिकडचा पाय आधी हलतो, दुसरा तेवढाच मागोमाग सरकतो. मागे जायचंय? मागचा आधी. उजवीकडे? उजवा आधी. पाऊल वीतभर, त्याहून मोठं नको. पायावर पाय पडला त्या क्षणी हलकासा ठोसाही माणसाला खाली बसवतो. घरी फरशीची रेघ मधोमध धरा, डावा पाय रेघेच्या डावीकडे, उजवा उजवीकडे, आणि पुढे-मागे सरका. रेघेवर पाय आला की चुकलात. मी हे कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत करते. घरचे हसतात, हसू देत.

सरळ मागे दोन पावलं, बस. तिसऱ्याला पाठीला दोर लागतो. त्याआधीच डाव्या पंजावर वळायचं, मागचा पाय डावीकडे फिरवायचा. अंगावर धावून येणारा मग तुमच्या उजवीकडून रिकामा पुढे जातो. समोरचाही उजवखुरा असेल तर फिरताना शक्यतो आपल्या उजवीकडे सरकावं, त्याच्या जोरकस उजव्या हातापासून लांब. त्या बाजूला त्याचा डावा हुक, म्हणजे बाजूने वळून येणारा ठोसा, असतो, म्हणून उजवा ग्लव्ह गालाला चिकटलेला हवा.

आता डोकं. जॅबला मान वाकडी करू नका. उजवा गुडघा किंचित मुडपा, भार उजव्या पायावर घ्या आणि डावा खांदा आत वळवा. डोकं आपोआप चार बोटं बाजूला जातं, तेवढं पुरतं. ठोसा कानाला वारा घालून गेला पाहिजे. हातभर लांब पळालात तर परत मारायला तुम्हीच जागेवर नसता. समोरच्याचा सरळ उजवा आला की हेच डावीकडे. हुक मात्र खाली वाकून चुकवायचा. बसल्यासारखे गुडघे वाकवा, डोकं झोळीच्या आकारात फिरवा आणि ठोसा ज्या बाजूने आला त्याच बाजूला वर या. कमरेतून वाकून जमिनीकडे बघाल तर खालून वर येणारा ठोसा, अपरकट, ठरलेला.

नजर ग्लव्हजवर ठेवू नका, छातीच्या वरच्या भागावर ठेवा. इथे माझा खो-खो कामी आला. पाठलाग करणाऱ्याने दिशा घेतली की त्याचे खांदे सांगतात, आम्ही तेच वाचायचो. ठोसाही आधी खांद्यात दिसतो.

सरावाला जुन्या पायमोज्यात मूठभर तांदूळ भरून गच्चीतल्या कपड्यांच्या दोरीला नाकाच्या उंचीवर टांगा. झोका द्या आणि तो चुकवत राहा, हात हनुवटीशी. लागला तरी दुखत नाही, पण लाज वाटते, आणि त्याचा उपयोग होतो.

मग जोडीदार. माउथगार्ड, हेडगार्ड, 16 औंसाचे ग्लव्हज. पहिल्या फेरीत त्याने फक्त हलके जॅब मारायचे, तुम्ही एकही ठोसा मारायचा नाही. फार कंटाळवाणं वाटतं आणि हात शिवशिवतात. मोठ्यांच्या हौशी लढतीत 3 मिनिटांच्या 3 फेऱ्या, म्हणजे खो-खोच्या एका पाळीइतकीच 9 मिनिटं. पण खो-खोत तिघांची तुकडी बाद झाली की दुसरी आत यायची, बाद झालेली मी बाहेर बसून पाणी प्यायचे. इथे दुसऱ्या फेरीच्या मध्यावरच माझ्या मांड्या पेटतात, गुडघे ताठ होतात, आणि नेमका तेव्हाच जॅब लागतो. म्हणून आता दोरीवरच्या उड्या मी स्पारिंगच्या आधी नाही, नंतर मारते.