प्रोसेसर ‘९७ टक्के रिकामा’ दिसतोय? आकडा वाचताना या चुका टाळा

सर्व्हर धापा टाकतोय, लोकांचे फोनवर फोन येतायत आणि आपली स्क्रिप्ट निवांतपणे सांगतेय की प्रोसेसर ९७ टक्के रिकामा आहे. माझ्यावर ही वेळ आलेली आहे. स्क्रिप्ट साधीच होती: दर ५ मिनिटांनी व्हीएमस्टॅट (प्रोसेसर-मेमरीचे आकडे छापणारी लिनक्सची आज्ञा) चालवायचं, शेवटच्या ओळीतला ‘आयडी’ (आयडल, म्हणजे प्रोसेसर किती टक्के रिकामा) रकाना उचलायचा, तो २० च्या खाली गेला की मेल पाठवायचा. मेल कधी आलाच नाही. आम्हाला वाटलं, यंत्रणा झकास चाललीय.

खोट अशी की पुढे काहीही न लिहिता व्हीएमस्टॅट चालवलं तर ते एकच ओळ छापतं आणि ती मशीन चालू झाल्यापासूनची सरासरी असते. आमचा सर्व्हर ४० दिवस बंद झाला नव्हता. म्हणजे ५७,६०० मिनिटं. त्यात अर्धा तास प्रोसेसर पूर्ण पिळून निघाला तरी सरासरी हलणार जेमतेम ०.०५ टक्क्याने. ‘व्हीएमस्टॅट १ ५’ (दर सेकंदाला एक, अशा पाच ओळी) असं चालवा आणि पहिली ओळ फेकून द्या. उरलेल्या चार खऱ्या. डिस्कचे आकडे देणाऱ्या आयओस्टॅटचंही तसंच, फक्त तिथे ‘-वाय’ दिलं की पहिला अहवाल ते स्वतःच गाळतं. प्रोसेसरचे आकडे देणाऱ्या एमपीस्टॅटला किती सेकंदांनी मोजायचं ते सांगितलं तर पहिली ओळही चालते, न सांगता चालवलं तर तीच जुनी सरासरी.

हे असं का, ते लिनक्सची ‘/प्रॉक/स्टॅट’ ही फाइल उघडून बघितलं की लगेच कळतं. लिनक्स तिथे टक्के ठेवतच नाही. मशीन चालू झाल्यापासून किती वेळ कशात गेला याचे वाढत जाणारे आकडे असतात, बहुतेक ठिकाणी सेकंदाच्या शंभराव्या भागात. टक्का काढायचा तर दोनदा वाचून वजाबाकी करावीच लागते. ‘टॉप -बी -एन १’ वर (चालू प्रोग्राम, म्हणजे प्रोसेस, दाखवणाऱ्या टॉपच्या एकाच फेरीवर) विसंबू नका म्हणतात तेही याचमुळे: पहिल्या फेरीत वजा करायला धड मागचं वाचनच नसतं. दोन फेऱ्या घ्या, दुसरी वाचा.

प्रोसेसची यादी देणाऱ्या पीएसमधला सीपीयूचा (प्रोसेसरचा) टक्का तर अजून फसवा. प्रोसेसने आजवर वापरलेला प्रोसेसर भागिले तिचं वय, इतकाच तो हिशोब. दहा तास झोपलेली प्रोसेस गेली ५ मिनिटं एक अख्खा कोअर (प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा एक भाग) खात असेल तरी पीएस एक टक्कासुद्धा दाखवणार नाही. आत्ता कोण खातंय हे बघायचं असेल तर ‘पिडस्टॅट १’, ते दर सेकंदाला प्रत्येक प्रोसेसचा वापर दाखवतं.

आता दुसरी एक गंमत, जिने माझी एक संध्याकाळ खाल्ली. एमपीस्टॅटच्या ओळीतून ऑकने (ओळीतले रकाने वेगळे काढणाऱ्या साधनाने) चौथा रकाना काढत होतो. हाताने चालवलं की बरोबर, क्रॉनमधून (ठरल्या वेळी स्क्रिप्ट आपोआप चालवणाऱ्या सेवेतून) चालवलं की कायम शून्याच्या आसपास. कारण माझ्या टर्मिनलच्या लोकॅलमध्ये (भाषा, वेळ कशी छापायची याच्या सेटिंगमध्ये) वेळेपुढे ‘पीएम’ छापलं जायचं आणि तो एक वेगळा रकाना मोजला जायचा, म्हणून चौथा रकाना ‘यूएसआर’ (प्रोग्रामांनी वापरलेला प्रोसेसर). क्रॉनमध्ये ते लोकॅल नसल्याने वेळ २४ तासांची, रकाने एकाने सरकलेले आणि चौथ्या जागी ‘नाइस’ (कमी प्राधान्याच्या कामांचा वापर), जो बहुधा शून्यच असतो. स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘एलसी_ऑल=सी’ लिहा आणि रकाने डावीकडून मोजण्याऐवजी शेवटचा ‘आयडल’ घ्या. फक्त तो १०० मधून वजा केला की उरलेल्यात ‘आयओवेट’ आणि ‘स्टील’ही येतात, हे ध्यानात असू द्या.

या दोघांबद्दलही गैरसमज फार. आयओवेट म्हणजे प्रोसेसर कामात आहे असं नव्हे. तो रिकामाच असतो, फक्त कुणाचं तरी डिस्कचं काम अडलेलं असतं. त्याच वेळी दुसरं एखादं आकडेमोडीचं काम सुरू करा, आयओवेट खाली येईल आणि डिस्क मात्र होती तितकीच तुंबलेली राहील. ‘स्टील’ व्हर्च्युअल मशीनवर दिसतो: आपल्याला प्रोसेसर हवा होता, पण हायपरवायझरने (एका यंत्रावर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने) तो दुसऱ्या कुणाला दिला. तो सतत चढा असेल तर आतल्या प्रोसेस मारत बसू नका, होस्टवाल्याशी बोला.

टॉपमध्ये एका प्रोसेसपुढे ३५० टक्के बघून दचकणारे अजून भेटतात. तिथे १०० म्हणजे एक कोअर. उलट बाजूची चूक जास्त महागात पडते: चार कोअरच्या मशीनवर एकूण वापर २५ टक्के दिसतो, सगळे निर्धास्त, आणि एकच थ्रेड (प्रोसेसमधला कामाचा एक धागा) एका कोअरवर शंभर टक्क्यांना टेकून बसलेला असतो. टॉपमध्ये १ दाबा, नाहीतर ‘एमपीस्टॅट -पी ऑल १’ लावा.

लोड ॲव्हरेज (चालू किंवा रांगेत असलेल्या कामांची सरासरी संख्या) हा टक्का नाही. लिनक्समध्ये त्यात डिस्कसाठी अडकलेल्या, ‘डी’ अवस्थेतल्या प्रोसेसही मोजतात. त्यामुळे लोड ३० आणि प्रोसेसर रिकामा हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

कंटेनरमध्ये (एका मशीनवर ठरावीक मर्यादेत चालणाऱ्या वेगळ्या कप्प्यात) असाल तर टॉप सहसा अख्ख्या मशीनचे कोअर दाखवतो, तुमची मर्यादा नाही. समजा मर्यादा दोन कोअरची आहे. नेहमीच्या १०० मिलिसेकंदांच्या खिडकीत २०० मिलिसेकंदांचा कोटा मिळाला. आठ थ्रेड एकदम धावले तर तो २५ मिलिसेकंदांत संपतो आणि उरलेले ७५ सगळे ताटकळतात. सरासरी वापर निरुपद्रवी दिसतो, प्रतिसाद मात्र रखडतो. अशा वेळी सीग्रुपच्या (अशा मर्यादा घालणाऱ्या लिनक्सच्या सोयीच्या) ‘सीपीयू.स्टॅट’ फाइलमधला ‘एनआर_थ्रॉटल्ड’ (किती वेळा रोखलं तो आकडा) दोनदा वाचा. तो वाढत असेल तर चोर सापडला.

आणि रात्री ३ वाजता काय झालं हे सकाळी शोधायला सार (जुन्या नोंदी दाखवणारं साधन) उघडणार असाल, तर तो नोंदी करतोय ना हे आजच तपासा. डेबियन या लिनक्सवर सिसस्टॅट (सार ज्यात येतो ते पॅकेज) टाकल्यावर नोंदी आपण चालू कराव्या लागतात. चालू असल्या तरी त्या सहसा दर १० मिनिटांच्या असतात. ३० सेकंदांचा पूर्ण भडका त्यात ५ टक्के होऊन विरून जातो, म्हणून महत्त्वाच्या मशीनवर मी ते अंतर एक मिनिटावर आणून ठेवतो.