'पाठ'चा 'पाट' होतो तेव्हा: निवेदन कापायला शिकणाऱ्यांसाठी

माइक कोणता, इंटरफेस कितीचा, हे तुम्ही आधीच शंभर व्हिडिओ पाहून ठरवलं असणार. त्यात मी पडत नाही. आवाज कापण्या-जोडण्याच्या सॉफ्टवेअरपैकी ऑडॅसिटी फुकट आहे, रीपर स्वस्त आहे, मराठी ऑडिओबुकचं काम दोन्हींत होतं. मी सगळ्यात जास्त रखडले ते वेव्हफॉर्मपाशी, म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या आवाजाच्या लाटेपाशी, म्हणून मुख्यतः तेच सांगते.

दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग 44,100 हर्ट्झला केलं, म्हणजे सेकंदाला आवाजाची 44,100 मोजमापं (सॅम्पल) घेतली, आणि 1920 पिक्सेलच्या पडद्यावर अख्खं बसवलं, तर एका उभ्या रेघेत साधारण 13,800 सॅम्पल येतात. म्हणजे सेकंदाचा जवळजवळ तिसरा हिस्सा. तेवढ्यात एक शब्द बोलून होतो! पण हे एकवेळ ठीक, झूम केलं की सुटतं. खरा घोळ उंचीचा आहे.

नेहमीचं दृश्य लिनिअर असतं, म्हणजे लाट जेवढी मोठी तेवढीच उंच दिसते. ट्रॅक 200 पिक्सेल उंच धरा, म्हणजे मधल्या रेषेच्या वर 100. फाइलमध्ये मावणारा सगळ्यात मोठा आवाज 0 डेसिबल, त्याहून हळू ते सगळे उणे. उणे 40 डेसिबलचा आवाज त्या 100 चा शंभरावा भाग, म्हणजे जेमतेम 1 पिक्सेल. उणे 50 ला तोही नाही. तिथे सपाट रेष दिसते आणि आपण ती शांतता समजून उडवतो. मराठीत हे फार महागात पडतं, कारण आपल्या शब्दांच्या शेवटी ख, घ, ठ, थ येतात. 'पाठ' म्हणताना आधी 'आ'चा जाड पट्टा दिसतो. मग जीभ टाळूला टेकते तेवढी क्षणभर शांतता, मग एक बारीक टोक, आणि त्यामागे नुसती हवा. नवखा माणूस पट्टा संपला की डिलीट मारतो, उरतो 'पा'. थोडा सावध असेल तर टोकापर्यंत ठेवतो, मग 'पाठ'चा 'पाट' होतो. साठ, दुःख, वाघ, सगळ्यांची तीच गत. ऐकणाऱ्याला कापणारा दिसत नाही, त्यामुळे उच्चार वाईट ठरतात ते बिचाऱ्या निवेदकाचे.

तेव्हा ट्रॅक डेसिबलच्या दृश्यावर टाका, किंवा सरळ स्पेक्ट्रोग्राम (कोणत्या पट्टीत किती आवाज आहे ते रंगांत दाखवणारं चित्र) उघडा. त्यात ही हवा धुक्यासारखी स्वच्छ दिसते. उभं झूम वाढवलंत तर लाट काठाला चिकटलेली दिसेल. घाबरून गेन (आवाजाची पातळी) कमी करू नका, खरी पातळी मीटरवर बघा.

कटवर टक्‌ असा आवाज येतो तो लाट मध्येच तुटल्यामुळे. ऑडॅसिटीत झेड दाबलं की निवडीच्या कडा जवळच्या शून्यावर, म्हणजे लाट मधली रेष ओलांडते तिथे, सरकतात. स्टिरिओत दोन्ही चॅनेल एकदमच शून्यावर येतील असं नाही, म्हणून मी 5 ते 10 मिलिसेकंदांचा क्रॉसफेड देते, म्हणजे एक तुकडा विरत असताना दुसरा चढत जातो. टेपच्या काळात ब्लेडने तिरपा काप द्यायचे, तो याचसाठी.

'ट्रंकेट सायलेन्स'सारखी आपोआप शांतता कापणारी बटणं माझ्या मते शिकणाऱ्याने वर्षभर लपवून ठेवावीत. आणि ज्या क्लासमध्ये सर पडद्याकडे बोट दाखवत शिकवतात, कान बंद, तिथे फी भरू नका. एफटीआयआय या सरकारी फिल्म संस्थेशिवाय पुण्यात ध्वनीचं काही होत नाही, असंही कुणीतरी सांगेलच. सिनेमाचं ध्वनिकाम करायचं असेल तर तिकडचा विचार जरूर करा. निवेदन साफ करायला त्याची गरज नाही.

पेठांत राहत असाल तर गणपतीआधीचे आठवडे जपा. नदीपात्रात संध्याकाळी ढोल-ताशाचा सराव सुरू झाला की मधली रेषच डोलायला लागते. 80 हर्ट्झचा हाय-पास (त्याखालचे जाड आवाज कमी करणारा फिल्टर) लावला की ढोलाचं घुमणं थोडं कमी होतं, ताशा मात्र जात नाही. पहाटे रेकॉर्ड करा, आणि प्रत्येक बैठकीत खोलीचा नुसता आवाज अर्धा मिनिट घेऊन ठेवा. कापलेल्या जागी तोच भरायचा, कोरी शांतता नाही.

सुरुवातीला तासाभराच्या फाइलला अख्खा दिवस गेला तरी तुम्ही मंद नाही आहात. सगळ्यांचा जातो. फक्त मूळ फाइलवर हात चालवू नका, कॉपीवर काम करा, आणि प्रत्येक कटनंतर दोन सेकंद मागे जाऊन हेडफोनवर, डोळे मिटून ऐका.