चूल धुमसू देऊ नका

धूर म्हणजे न जळलेलं जळण. लाकूड तापलं की त्यातून वायू सुटतात. त्यांना हवा आणि आच पुरली तर त्यांचा जाळ होतो. नाही पुरली तर तेच डोळ्यांत, छातीत आणि भिंतीवरच्या काजळीत जातात.

म्हणून सुरुवात सरपणापासून करा. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्यापर्यंत पाणी असू शकतं. ते 20 टक्क्यांच्या खाली यायला हवं, नाहीतर आच आधी पाणी आटवण्यातच खर्ची पडते. लाकूड फोडा आणि मगच रचा, कारण अख्खा ओंडका सालीआड ओल धरून बसतो. मनगटाएवढ्या फाट्या जमिनीपासून थोड्या वर ठेवा. वरून आडोसा हवा, पण बाजूंनी वारा खेळला पाहिजे. वाळायला सहा महिने ते वर्ष जातं, कठीण लाकडाला जास्तच. वाळलंय का ते मी कानाने ठरवते. दोन फाट्या एकमेकींवर आपटायच्या. खणखणीत वाजल्या तर आत आणायच्या, बद्द वाजल्या तर परत ढिगात. ओलावा मोजायचं यंत्र असेल तर फाटी नव्याने फोडून आतल्या अंगाला टोचा, बाहेरचा आकडा फसवतो.

रंगवलेल्या चौकटी, प्लायवूड, वाळवी लागू नये म्हणून औषध मारलेलं लाकूड, यातलं काहीही जाळू नका. जुन्या रंगात शिसं आणि अशा लाकडात आर्सेनिक असू शकतं. पेटवायला प्लास्टिक घालणाऱ्यांशी मी सरळ भांडते.

पेटवताना काटक्या भरपूर घ्या आणि पहिल्यापासून मोठा जाळ होऊ द्या. उघड्या चुलीत दोन-तीन फाट्यांची फक्त टोकं जाळात ठेवा, जळतील तशी पुढे सारा. खाली जाळी किंवा दोन विटकरीचे तुकडे ठेवून फाट्या उचलल्या तर हवा खालून शिरते. कालची राख काढायचा कंटाळा केला की हीच वाट बुजते, आणि मग बसा फुंकणी घेऊन! धुराडं असलेल्या बंद शेगडीत उलटं रचा: जाड लाकूड खाली, काटक्या वर, आग वरून. खालून सुटणारा वायू वरच्या जाळातून जातो आणि तिथेच जळतो.

आमच्या घरात वाद व्हायचा तो रात्रीचा. सासऱ्यांना शेगडीत मोठा ओंडका घालून हवेचं झाकण बंद करायची सवय, म्हणजे सकाळपर्यंत ऊब टिकते. सासूबाईंना दमा. हवा कोंडली की आग विझत नाही, धुमसते, आणि सगळ्यात घाणेरडा धूर तेव्हाच निघतो. आता निजण्याआधी जाळ पूर्ण जळू देतो आणि जादा गोधडी घेतो.

धुरातले 2.5 मायक्रोमीटरपेक्षा बारीक कण फुप्फुसात खोलवर जातात. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये त्यांची वर्षाची सरासरी घनमीटरला 5 मायक्रोग्रॅमपर्यंत असावी असं सांगितलं. चुलीपाशी आकडा शेकड्यांत जातो. लहान मुलांना न्यूमोनिया, मोठ्यांना जुनाट खोकला आणि सीओपीडी (श्वासनळ्या आकसून दम लागण्याचा कायमचा आजार), शिवाय हृदयविकार, पक्षाघात, मोतीबिंदू. पोटुशी बाई आणि तान्हं बाळ चुलीपासून लांबच हवं.

धुराडं बसवलं की काम झालं, असं समजू नका. ग्वाटेमालात धुराड्याच्या चुली देऊन मोठी चाचणी झाली, निष्कर्ष 2011 मध्ये आले. बाळांच्या वाट्याचा कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे धुरातला विषारी वायू, निम्मा झाला, तरी डॉक्टरांनी निदान केलेला एकूण न्यूमोनिया नक्की कमी झाला असं म्हणता आलं नाही. गंभीर न्यूमोनिया मात्र घटला. शिवाय बाहेर सोडलेला धूर शेजाऱ्याच्या खिडकीत जातोच. चांगल्या जाळाचा धूर जेमतेम दिसतो. निळसर-करडा लोट दिसला तर आत जाऊन हवा वाढवा.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. घरातल्या दोघा-तिघांचं एकदम डोकं दुखलं, मळमळलं आणि बाहेर गेल्यावर बरं वाटलं, तर सगळ्यांना बाहेरच ठेवा आणि डॉक्टर गाठा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका, विषबाधेतही तो आकडा ठीकच दाखवतो. बंद शेगडी असेल तर या वायूचा अलार्म लावाच. निखारे असलेली घमेली खोलीत घेऊन झोपणं तर आजच बंद करा.

आणि एखादं काम गॅसवर किंवा विजेवर हलवता येत असेल, तर पहिलं अंघोळीचं पाणी हलवा. कुणी न बसता तासभर धुमसत राहते ती तीच चूल.